लॅबचा हिरा खरा आहे, पण अडीनडीला कामाचा आहे का?

अचलपूरवरून बोलतोय. ज्यांना ऐकायला जमत नाही, प्रवासात नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा भाग इथं लिहून टाकतोय. बोलताना जसं निघालं तसंच बरंचसं ठेवलं आहे, त्यामुळे भाषा थोडी इकडची तिकडची वाटेल, चालवून घ्या.

आजचा विषय आहे हिरा. तुम्ही म्हणाल, काऊन बा, कापसाचे भाव सोडून हा हिऱ्यावर कुठं गेला? तर कारण असं की तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नं जमायला लागतात, आणि आता परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच रील फिरते आहे: "एक कॅरेटचा हिरा, तोही इतक्या स्वस्तात!" खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं 'लॅब ग्रोन'. मग प्रश्न येतात. "भाऊ, हा डुप्लिकेटच ना?" "सासरच्यांना कळलं तर काय म्हणतील?" "आता घेऊन ठेवला तर दहा वर्षांनी डबल होईल का?"

आधीच सांगतो, मी सराफ नाही. कोड लिहून पोट भरतो. कुठल्या दुकानाची जाहिरात नाही, कुणाचा कूपन कोड नाही. पण घरात लग्न असलं की चाळीस-पन्नास हजारांची खरेदी पाच मिनिटांत, लाजेपोटी, प्रश्न न विचारता होते, हे आपण सगळेच पाहतो. म्हणून आज एकेक गैरसमज घेऊ.

गैरसमज पहिला: लॅबचा हिरा म्हणजे अमेरिकन डायमंड

नाही. यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आपण ज्याला अमेरिकन डायमंड किंवा झिरकॉन म्हणतो, तो झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा खडा असतो. त्यात हिऱ्याचा कण पण नाही. तो जड असतो, म्हणजे त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा साधारण दीडपटीहून जास्त वजन भरतं. आणि हिऱ्याइतका कठीण नसल्यामुळे रोज वापरून त्याच्या कडा झिजतात, ओरखडे पडतात, चमक जाते.

दुसरा एक आहे मॉयसनाइट. हा सिलिकॉन कार्बाइड. तो कठीण असतो, चमकतो तर हिऱ्यापेक्षाही जास्त, पण तोही हिरा नाही.

आणि लॅबचा हिरा? तो शुद्ध कार्बन. अणूंची रचना तीच, कठीणपणा तोच, म्हणजे मोजपट्टीवर १० पैकी १०, आणि प्रकाश वाकवायची ताकद पण तीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जुलै २०१८ मध्ये दागिन्यांबद्दलच्या आपल्या नियमावलीत हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला. म्हणजे हिरा तो हिरा. फक्त विकताना तो लॅबमध्ये बनलेला आहे हे स्पष्ट सांगायलाच हवं, ही अट कायम ठेवली.

तर पहिली गाठ बांधून ठेवा: अमेरिकन डायमंड ही नक्कल आहे, लॅबचा हिरा ही नक्कल नाही.

गैरसमज दुसरा: केमिकलचा माल आहे, चार वर्षांत पिवळा पडतो

हिरा बनतो कसा ते थोडक्यात बघू, म्हणजे हा प्रश्नच मिटेल.

निसर्गात हिरा बनतो जमिनीच्या खाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर. तिथली उष्णता आणि दाब एवढा की कार्बनचे अणू घट्ट रचले जातात. मग ज्वालामुखीच्या वाटेनं तो वर येतो. बहुतेक हिऱ्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या पुढचं, काहींचं तर तीनशे कोटींच्याही पुढचं.

लॅबमध्ये दोन रस्ते आहेत. पहिल्याला एचपीएचटी म्हणतात. भरपूर दाब, भरपूर उष्णता. हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब, तापमान १३०० ते १६०० अंश, वितळलेल्या धातूत विरघळलेला कार्बन, आणि त्यात हिऱ्याचा एक बारीक तुकडा, म्हणजे बी. त्या बियाभोवती हिरा वाढतो. दुसरा रस्ता सीव्हीडी. यात एका बंद भांड्यात मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडतात, मायक्रोवेव्हनं त्याचा प्लाझ्मा करतात, आणि हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचा थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा खडा तयार.

म्हणजे रंग नाही, लेप नाही, पॉलिशचा मुलामा नाही. आत-बाहेर कार्बनच. तो पिवळा पडत नाही. धूसर दिसतो तो साबण, तेल आणि हळदीकुंकवाच्या थरानं, आणि तसा नैसर्गिक हिरासुद्धा दिसतो. कोमट पाणी, साबणाचे चार थेंब आणि मऊ ब्रश, बस.

याची उलट बाजू पण ऐका. 'लॅबचा म्हणजे एकदम निर्दोष' हेही खरं नाही. एचपीएचटीच्या हिऱ्यात धातूचे कण अडकू शकतात, सीव्हीडीच्या हिऱ्यात काळे ठिपके किंवा तपकिरी झाक येऊ शकते. बऱ्याच सीव्हीडी हिऱ्यांवर नंतर उष्णतेची प्रक्रिया करून ती झाक घालवतात. यात बेकायदा काही नाही, पण प्रमाणपत्रावर ते लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

गैरसमज तिसरा: हे दोन वर्षांचं चायनीज फॅड आहे

माणसानं हिरा बनवला त्याला सत्तर वर्षं झाली, मंडळी. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल या शास्त्रज्ञानं डिसेंबर १९५४ मध्ये हिरा बनवला, आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये कंपनीनं तो जाहीर केला. दागिन्यात बसेल असा मोठा, स्वच्छ खडा त्यांनी १९७० मध्ये करून दाखवला.

आणि तुमच्या घरात हा हिरा आधीच येऊन गेला आहे. घराची फरशी बसवताना मिस्त्रीनं जो कटर आणला होता ना, धूळ उडवत ग्रॅनाइट कापणारा? त्याच्या चकतीच्या कडेला असतो तो मानवनिर्मित हिऱ्याचा चुरा. तेव्हा आपण त्याला डुप्लिकेट म्हटलं नाही. अंगठीत आला तेव्हा म्हणालो!

राहिलं चीनचं. चीन एचपीएचटीत मोठा आहे हे खरं. पण सीव्हीडीत आपला देश पुढं आहे, आणि त्याचं केंद्र आहे सुरत. तेच सुरत, जिथं जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या हिऱ्याच्या बियांवरचा सीमाशुल्क ५ टक्क्यांवरून शून्यावर आणला, आणि संशोधनासाठी आयआयटी मद्रासला पाच वर्षांसाठी सुमारे २४३ कोटी मंजूर झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तो लॅबचाच होता. अमेरिकेनं आपल्या नोंदीत त्याची किंमत २० हजार डॉलर लावली.

गैरसमज चौथा: आपला सराफ बघताक्षणी ओळखतो

दहा पिढ्यांचा सराफ असला तरी नुसत्या डोळ्यानं ओळखू शकत नाही. त्याच्या हुशारीचा प्रश्न नाही. दोन्ही हिरे दिसतातच सारखे.

मग तो पेनासारखं मशीन खड्याला लावतो, ते टुं करतं, आणि सांगतो "ओरिजिनल!" त्या पेनाचं काम काय? खड्यातून उष्णता किती झपाट्यानं जाते ते बघायचं. हिऱ्यातून ती फार जोरात जाते. म्हणून अमेरिकन डायमंड तिथं लगेच पकडला जातो. पण लॅबचा हिरा हिराच असल्यामुळे पेन त्यालाही हिराच म्हणतं. मॉयसनाइटसुद्धा काही साध्या पेनांना फसवतो. तेव्हा पेनाची टुं म्हणजे 'खाणीतला हिरा' असा अर्थ होत नाही.

आणि कृपा करून हातोडीचा प्रयोग करू नका. ऐरणीवर घण मारला तरी जो वाचतो तो खरा हिरा, हे तुकोबांच्या अभंगामुळे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. माणसाच्या कसोटीबद्दल ते बरोबरच आहे. पण खड्याचं बोलाल तर कठीण म्हणजे न फुटणारा असं नाही. हिऱ्यावर ओरखडा पडत नाही, पण ठराविक दिशेनं घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. लॅबचाही, खाणीतलाही.

मग ओळखायचं कसं? आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. दोन प्रोग्रॅमचं आउटपुट अक्षर न् अक्षर सारखं असू शकतं, पण लॉग फाइल उघडली की कोणता कुठल्या मशीनवर चालला ते कळतं. हिऱ्याची लॉग फाइल त्याच्या आत असते. नैसर्गिक हिऱ्यात नायट्रोजनचे अणू शिरलेले असतात आणि कोट्यवधी वर्षांत ते हळूहळू एकमेकांजवळ येऊन गट करतात. साधारण शंभरातल्या ९५ नैसर्गिक हिऱ्यांत असे गट सापडतात. लॅबच्या हिऱ्याला आठवडेच मिळतात, एवढा वेळ कुठून आणणार? शिवाय अतिनील प्रकाशात खडा वाढल्याच्या खुणा दिसतात, दोन्हींच्या वेगळ्या. ही तपासणी प्रयोगशाळेची मशीन करतात. जीआयए आणि आयजीआय या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत.

गैरसमज पाचवा: लॅबचा म्हणजे पर्यावरणाला त्रास शून्य

खाण खोदावी लागत नाही, हे बरोबर. हिऱ्याच्या पैशावर आफ्रिकेत युद्धं लढली गेली, त्यामुळेच २००३ पासून किंबर्ले प्रक्रिया नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आली, हेही बरोबर. लॅबच्या हिऱ्याला तो डाग नाही.

पण ते मशीन आठवडेच्या आठवडे विजेवर चालतं. आणि वीज कुठून येते हे विदर्भातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. चंद्रपूर, कोराडी बघितलेलं आहे आपण. देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशाचीच आहे. कारखाना सौरऊर्जेवर चालत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून दुकानदार 'ग्रीन डायमंड' म्हणाला की विचारा, वीज कुठली? कागद असेल तर मानू, नसेल तर ती जाहिरात.

गैरसमज सहावा, आणि सगळ्यात महागाचा: हिरा म्हणजे गुंतवणूक

आता इथं कान देऊन ऐका, कारण बाकी सगळे गैरसमज फार तर वाद घडवतात, हा पैसे घालवतो.

आपल्याकडे दागिना म्हणजे नुसता नटायचा विषय नाही. जूनमध्ये पेरणीला बियाणं-खत घ्यायचं असतं, मागच्या हंगामाचे पैसे संपलेले असतात, तेव्हा आईची पोत किंवा आजीच्या पाटल्या बँकेत जातात. दवाखाना निघाला, पोराची इंजिनिअरिंगची फी निघाली, तेव्हाही तेच. वऱ्हाडातल्या बायकांच्या अंगावरचं सोनं ही घराची खरी बचत आहे. आणि आपण नकळत तोच हिशेब हिऱ्याला लावतो. तिथं फसतो.

समजा एक अंगठी आहे. ३ ग्रॅम सोनं, १८ कॅरेटचं, आणि वर एक कॅरेटचा हिरा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. अंगठीचं एकूण वजन झालं ३.२ ग्रॅम. ही घेऊन तुम्ही सोनेतारण कर्जाला गेलात. तिथला माणूस आधी खड्याचं वजन वजा करतो. राहिले ३ ग्रॅम. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के शुद्ध, म्हणजे शुद्ध सोनं सव्वादोन ग्रॅम. कर्ज त्यावर. आणि हिऱ्याचे किती धरले? शून्य. लॅबचा असो की खाणीतला असो, शून्य.

विकायला गेलात तर? सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, ते वितळवून पुन्हा सोनंच होतं. हिऱ्याचा असा रोजचा एक भाव नसतो. प्रत्येक खड्याची किंमत वेगळी ठरते आणि विकत घेणारा दुकानदार स्वतःचा नफा, स्वतःची जोखीम धरूनच आकडा सांगतो. नैसर्गिक हिराही घेतलेल्या किमतीला सहसा परत जात नाही. शिवाय २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे भावही जगभर उतरलेत.

लॅबच्या हिऱ्याची घसरण तर आणखी वेगळ्या कारणानं आहे. खाण मर्यादित असते, मशीन वाढवता येतात. मशीन सुधारलं, संख्या वाढली की भाव पडतो. टीव्हीचं, मोबाईलच्या मेमरीचं झालं तेच. डी बीअर्स, खाणीतल्या हिऱ्यांची सगळ्यात नावाजलेली कंपनी, तिनं २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावानं लॅबचे हिरे ८०० डॉलर कॅरेटनं विकायला काढले. २०२४ मध्ये तोच साधा माल ५०० डॉलरवर आणला. मे २०२५ मध्ये तो ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता ज्यानं २०१८ मध्ये 'पुढं वाढेल' म्हणून घेऊन ठेवला असेल, त्याचा विचार करा.

मग नैसर्गिक हिऱ्याला जास्त पैसे का मोजायचे? दुर्मीळपणासाठी आणि गोष्टीसाठी. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातून जात होते. आणि गोवळकोंड्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या जवळचंही एक आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. त्यात आपलं एलिचपूर, म्हणजे अचलपूर, सुभ्याचं मुख्य शहर म्हणून येतं, आणि वैरागडजवळच्या हिऱ्याच्या खाणीचाही उल्लेख येतो. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. शंभर कोटी वर्षांचा दगड बोटात आहे, ही भावना कुणाला मोलाची वाटत असेल तर त्यात चूक काहीच नाही. फक्त ती भावना आहे, एफडी नाही.

गैरसमज सातवा: हॉलमार्क आहे ना, मग हिराही तपासलेलाच

हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, सोन्याची शुद्धता कळेल. खड्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही.

इथंच आणखी एक घोळ होतो. कॅरेट हा शब्द दोन ठिकाणी येतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. '१८ कॅरेट डायमंड रिंग' लिहिलं असेल तर हिरा १८ कॅरेटचा नाही बरं का! सोनं १८ कॅरेटचं. हिऱ्याचं वजन सेंटमध्येही सांगतात, शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट.

हिऱ्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यावर नंबर असतो. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर तोच नंबर लेझरनं कोरलेला असतो, दुकानातल्या भिंगातून दाखवा म्हणायचं, आणि तिथंच उभं राहून संस्थेच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून बघायचा. लॅबच्या हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर तसं स्वच्छ लिहिलेलं असतं. जीआयएनं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग आणि स्वच्छतेच्या जुन्या श्रेणी देणं थांबवलं आहे. आता 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' एवढंच. तेव्हा दोन संस्थांची प्रमाणपत्रं वेगळी दिसली तर गोंधळू नका.

तर मग घ्यायचा की नाही?

लॅबचा हिरा घेणं यात कमीपणा नाही. मोठा, सुंदर, खरा हिरा कमी पैशात मिळतो आणि आयुष्यभर घालता येतो. नुकसान होतं ते दोनच वेळा. एक, लॅबचा हिरा कुणी खाणीतला म्हणून त्या भावात दिला तर. दोन, आपण त्याला बचत समजलो तर. पहिल्यावर उपाय कागद, दुसऱ्यावर उपाय हिशेब.

कागद असा: बिलावर 'लॅब ग्रोन' किंवा 'नैसर्गिक' हा शब्द पूर्ण लिहून घ्या, नुसतं 'डायमंड' चालणार नाही. सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता वेगळी, हिऱ्याचं वजन वेगळं, घडणावळ वेगळी. नाहीतर खडासुद्धा सोन्याच्या भावात तोलला जायचा. दागिना परत दिला तर किती टक्के मिळतील, रोख की फक्त बदलून, हे तोंडी नको, बिलावरच हवं. बारीक बारीक खड्यांना प्रत्येकी प्रमाणपत्र नसतं, तिथं तर बिल हाच पुरावा. आणि तरीही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा: १९१५.

हिशेब असा: दागिन्याचं बजेट दोन भागांत मोडा. जो भाग उद्या पेरणीला, दवाखान्याला, फीला लागू शकतो, तो सोन्यात ठेवा. जो भाग गेला तरी घर हलणार नाही, त्यातून हिरा घ्या, मग लॅबचा घ्या नाहीतर खाणीतला. आणि ताईंनो, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो: लग्नात तुमच्या अंगावर काय येतंय हे तुम्हीच विचारा. दिसायला भारी हिऱ्याचा सेट आणि त्यात सोनं नावापुरतं, असं असेल तर अडचणीच्या दिवशी बँकेच्या काउंटरवर तुम्हीच उभ्या असणार.

बरं, सासरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं, हाही प्रश्न होता. खरं ते सांगायचं. "हिरा खरा आहे, लॅबमध्ये बनलाय, आणि वाचलेल्या पैशाचं सोनं घेतलंय." एवढं ऐकल्यावर आपल्याकडची कोणतीही सासू नाराज होणार नाही, असं मला तरी वाटतं!

चला मंडळी, आज इतकंच. घरात लग्न असेल तर खरेदीला निघायच्या आधी हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा, वऱ्हाडीत पाठवले तरी लय आवडेल. भेटू पुढच्या भागात. राम राम!